मंजिष्ठ उकळू द्यायची नसते

द्राक्षमास, ३

लोकरीच्या व्यापाऱ्यानं एका बाजूनं लिहिलेले पपायरसचे कागद आमच्या दारात टाकून दिले होते. पाठ कोरी करकरीत. फुकटचं वाया गेलेलं मला बघवत नाही, म्हणून उचलून आणले. आता त्यावर काय लिहायचं याचा विचार करत बसले आणि शेवटी ठरवलं की आपलंच लिहू. पन्नाशी आली, थुआतीरा शहरात माझ्या लाल रंगाला तोड नाही, नवरा गेल्यावर रंगशाळा मी एकटीनं सांभाळली. एवढ्यावर दोन-चार कागद खर्चायला हरकत नाही.

माझं नाव खेलिदोन. म्हणजे पाकोळी. हे नाव माझं नाही, मला दिलेलं आहे. सहाव्या वर्षी मी बाजारात विकले गेले. घेणाऱ्या बाई म्हणाल्या, ही फार चिवचिवते, हिचं नाव खेलिदोन. त्याआधीचं नाव मी विसरले. घरापुढचं अक्रोडाचं झाड आठवतं, तांबडी शेळी आठवते, आईच्या हाताला धुराचा वास यायचा तो आठवतो. नाव मात्र नाही. किती डोकं खाजवलं तरी नाही.

तरी मी सुखी आहे, हे इथं लिहून ठेवते. प्रभूनं मला खूप दिलं. रंगशाळेच्या वरच्या लांबलचक दालनात, जिथं एरवी लोकर वाळते, तिथंच दर प्रभुवारी पहाटे आमची मंडळी जमते. कामाला दोन गडी आहेत आणि कोक्किने आहे. नवरा गेला त्या वर्षी तिला बाजारातून विकत आणली. अंगावर लाल फडकं होतं म्हणून नाव कोक्किने ठेवलं, लाली. रंगाऱ्याच्या घराला शोभतंही. कमी बोलते, काम चोख. मंडळीत सगळे मला ताई म्हणतात, ही मात्र अजून बाईच म्हणते. जुनी सवय, दुसरं काय.

द्राक्षमास, ८. प्रभूचा दिवस

आज माझ्या पायाखालची जमीन सरकली.

प्रार्थना सुरू व्हायच्या आधी आमच्या मंडळीचे वडील मेत्रोदोर (धंद्यानं चांभार, एका पायानं लंगडे, जिभेनं मात्र सरळ) एका म्हाताऱ्या बाईला हाताला धरून वर घेऊन आले. म्हणाले, "या विबियाताई. भाचीकडे राहायला आल्यात. गेल्या वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झालाय."

मी पाहिलं आणि माझ्या उजव्या हाताला आपोआप मुंग्या आल्या. मला विकत घेणारी ती हीच. अकरा वर्षं मी तिचे केस विंचरले, मग रंगारी नवऱ्यानं पैसे भरून मला सोडवलं. एखादी बट वाकडी बसली की ती केसांतला आकडा काढून माझ्या हातात खुपसायची. मनगटापासून कोपरापर्यंत सात व्रण आहेत. आता रंगानं हात कोपरापर्यंत लाल असतात म्हणून कुणाला दिसत नाहीत.

तिनंही ओळखलं. केस पिकले, खांदे पडले, पण मान तीच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. म्हणाली, "खेलिदोन?"

माझ्याच घरात, माझ्याच पाहुण्यांसमोर, त्याच सुरात!

प्रार्थनेनंतर शांतीचं चुंबन द्यायचं असतं, बायकांनी बायकांना, पुरुषांनी पुरुषांना. मग भाकर मोडायची. ती माझ्याकडे वळली तशी मी जोरात खोकले आणि "सर्दी झालीय, कुणाला लागायला नको" म्हणून भिंतीशी जाऊन उभी राहिले. भाकरही घेतली नाही. भांडण मनात ठेवून भाकर घेऊ नये एवढं मला कळतं.

द्राक्षमास, ९

मंजिष्ठ उकळू द्यायची नसते. हे रंगाऱ्याचं पोर पाळण्यात शिकतं. पाणी हाताला सोसेनासं झालं की जाळ ओढायचा. एक उकळी आली की लाल मेला, उरतो तो शेणासारखा तपकिरी.

आज मोठा हंडा उकळला. आख्खी लोकर गेली. खरं सांगायचं तर चुलीपाशी मीच होते, पण डोक्यात विबिया होती. बुडबुड आवाज ऐकू आला तेव्हा उशीर झाला होता. दोन्ही गडी धावत आले. आता त्यांच्यासमोर मालकिणीनं स्वतःचं हसं करून घ्यायचं का? मी म्हटलं, "कोक्किने, तुझं लक्ष कुठं होतं?" आणि हातातला ढवळायचा दांडा तिच्या मनगटावर बसला. तसा फार नाही. ती मनगट गार पाण्यात धरून बसली आणि मग पुन्हा कामाला लागली. संध्याकाळी मी तिला मधात भिजवलेली अंजिरं दिली. विसरलीही असेल.

त्या विबियाच्या पायी आमच्या घरात काय काय होतंय.

द्राक्षमास, १६

मेत्रोदोर आले. अंगणात उलट्या टाकीवर बसले आणि वाहाण काढून दुखरा पाय चोळू लागले. ते पाय चोळतात म्हणजे बोलणं लांबणार.

"ताई, सर्दी कशी आहे?"

"बरी आहे."

"दोन प्रभुवार झाले. औषध सांगू?"

"तिनं आधी क्षमा मागू दे."

"मागायला आली तर तू खोकतेस."

मग मीही सुनावलं. "वडील, तुम्हाला सात व्रण नाहीत. आणि व्रणांचं सोडा, तिनं माझं नाव काढून घेतलं. माझं नाव काय, हे कधी विचारलंसुद्धा नाही. कुत्र्याला ठेवावं तसं ठेवलं. अशा बायांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही."

मेत्रोदोर वाहाण घालता घालता थांबले. कोक्किने तेव्हा आमच्यासाठी पाणी घेऊन आली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मुसळाचं खरं आहे ताई." पुढं काहीच न बोलता उठून गेले. त्यांना पटलं असावं. एरवी त्यांना निरुत्तर करणं सोपं नाही.

द्राक्षमास, १९

विबिया आज एकटी रंगशाळेत आली. नाकाला पदर लावलेला, कारण आमच्याकडे मुताचे रांजण असतात. त्याशिवाय लोकर स्वच्छ होत नाही. मी मुद्दाम तिला त्यांच्या शेजारी उभी केली. पण तिनं पदर काढला आणि तशीच उभी राहिली.

म्हणाली, "सात. मला ठाऊक आहे. आठवा मारणार होते, तू हात मागं घेतलास आणि आकडा वाकला."

मला वाटलं होतं ती विसरली असेल. मारणारे विसरतात, असं मी धरून चालले होते. मी म्हटलं, "काम आहे मला."

"आणखी एक सांगायचंय. तुझं नाव मला आठवतं. तू बाजारात सारखं सांगत होतीस ते."

माझ्या हातातून तुरटीचा खडा पडला. किती वर्षं मी त्या नावासाठी जीव टाकलाय! मेत्रोदोर सांगतात, शेवटच्या दिवशी मेलेले उठतील. मला एकच भीती वाटते. माझी आई उठेल आणि गर्दीत मला हाक मारेल. आणि मी माझंच नाव न ओळखता तशीच पुढं निघून जाईन.

पण मी तिच्याकडे मागायचं? म्हणजे पुन्हा तीच देणारी आणि मी हात पसरणारी? पायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "ठेव तुझ्यापाशीच. एवढी वर्षं ठेवलंस ना?"

ती गेली. जाताना रांजणाला धरून पायरी उतरली. कोक्किने धावली आणि तिला हात दिला. मी काही सांगितलं नव्हतं.

द्राक्षमास, २१

अ पासून सगळी अक्षरं मनात म्हणून पाहिली. कुठल्याच अक्षराशी काही हललं नाही. हंडे तीन, रंग उत्तम.

द्राक्षमास, २७

आता चांगली बातमी. कोक्किनेचा बाप्तिस्मा येत्या प्रभुवारी आहे. दोन वर्षं ती शिकतेय. मला तर लेकीचं लग्न निघाल्यासारखं झालंय. पांढरं तागाचं वस्त्र मी स्वतः शिवलं. तिला म्हटलं, "बघ, आता तू माझी बहीण होणार." ती म्हणाली, "हो बाई," आणि वस्त्राची घडी घालू लागली. हसली असती तर बरं वाटलं असतं. मनगट अजून थोडं सुजलंय का? थंडीनं असेल.

द्राक्षमास, २९. प्रभूचा दिवस

पहाटे सगळे नदीवर. पाणी इतकं गार की मेत्रोदोरांचे दात वाजत होते. मी काठावर कोरडं कापड घेऊन उभी. विबिया दूर उभी होती.

कमरेइतक्या पाण्यात मेत्रोदोरांनी विचारलं, "तुझं नाव काय?"

मी काठावरून सांगितलं, "कोक्किने!" त्यांना थंडीत जास्त थांबायला लागू नये म्हणून.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पुन्हा तिलाच विचारलं. "बाळ, तुझं नाव काय?"

"झिया," ती म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. एवढा मोठा आवाज तिच्यात आहे हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. "दानुब नदीकाठची झिया. आईचं नाव तेच, आजीचं तेच."

आणि ती झिया म्हणून पाण्याखाली गेली आणि झिया म्हणूनच वर आली. सगळे गाऊ लागले. मी कापड हातात धरून तशीच उभी होते. शेवटी विबियानं ते माझ्या हातातून घेतलं आणि तिच्या खांद्यावर टाकलं.

द्राक्षमास, ३०

काल दिवसभर माझा तिळपापड झाला होता, हे कबूल करते. नऊ वर्षं माझ्या घरात राहिली, माझ्या चुलीवरचं खाल्लं आणि स्वतःचं नाव लपवून ठेवलं! आज सकाळी लोकर पिळताना राहवलं नाही. विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती पीळ घालत राहिली. म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाहीत, बाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतं सांगितलं, आज बाजारात कांदे नाहीत असं सांगावं तसं. मी दुसऱ्या टोकानं पिळत होते. माझ्या हातातलं टोक सुटलं आणि लोकर चिखलात पडली.

पेरणीचा महिना, १

भाचीच्या घरी जाऊन विबियाला गाठलं. ती उन्हात मसूर निवडत बसली होती. बसायला सांगायच्या आधीच मी बसले आणि म्हटलं, "एकच विचारते. त्या दिवशी बाजारात तू माझं नाव विचारलं होतंस?"

"विचारलं होतं."

"मग?"

"तू सांगितलंस. तीनदा. छातीवर हात ठेवून. मी म्हटलं, हे कोण लक्षात ठेवणार, जीभ वळत नाही. पण लक्षात राहिलं." तिनं मसुरातला खडा फेकला. "माझे दोन्ही मुलगे आता माझं नाव घेत नाहीत. तेव्हापासून रोज आठवतं. खेलि... तुला काय म्हणू तेही मला कळत नाही. क्षमा कर म्हणायला आले होते, तेही तुझ्या दारात धड बोलता आलं नाही."

हिनं विचारलं आणि काढून घेतलं. मी तर विचारलंही नाही. दोघींत थोर कोण, याचा निवाडा मेत्रोदोरांनीच करावा.

"सांग," मी म्हटलं.

"अर्मास्ता."

आधी काहीच झालं नाही. मग अक्रोडाचं झाड हललं. तांबड्या शेळीनं मान वर केली. कुणीतरी धुरातून ओरडलं, अर्मास्ता, शेळी बांधलीस का गं? आणि मी त्या म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवून एवढी रडले की मसूर सगळा सांडला. उठताना तिच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं. तिचे गाल वाळल्या सफरचंदासारखे झालेत. मनातला राग गेला का, माहीत नाही. पण जागा मोकळी झाल्यासारखं वाटलं.

मग दोघींनी मिळून मसूर वेचला.

पेरणीचा महिना, ६. प्रभूचा दिवस

आज मी फार प्रसन्न होते. नाव मिळालं, विबियाशी शांती झाली, झियाला मी घरी येताच म्हटलं होतं, "तुझं नाव विचारलं नाही, चुकलं माझं." प्रार्थना झाली. चुंबनाच्या वेळी मी विबियाकडून वळले आणि झियापुढं गाल केला.

तिनं हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं, म्हटलं, "मला अजून होत नाही, बाई."

बाप्तिस्म्यानंतरचा तिचा हा पहिलाच प्रभुवार. बाप्तिस्म्याच्या दिवशी मी डोक्यात राख घालून भाकर घेतली नव्हती, म्हणून तीही न घेता बाजूला राहिली होती. आता पुन्हा ती भाकरीवाचून राहणार. मेत्रोदोर भाकर हातात घेऊन आमच्याकडे पाहत होते. ती मागं सरू लागली.

मी म्हटलं, "थांब. तू खा. दोष माझा आहे, बाहेर मी जाते." आणि माझ्याच घराचा जिना उतरून खाली चुलीपाशी जाऊन बसले. वरून त्यांचं गाणं ऐकू येत होतं. चार प्रभुवार मी विबियाला असंच ताटकळत ठेवलं होतं, हे तिथं बसल्यावर आठवलं.

पेरणीचा महिना, ११

सात तारखेला नगरसभेत जाऊन झियाच्या मुक्ततेचा कागद केला. साक्षीदार मेत्रोदोर. मला वाटलं होतं, आता तरी. ती म्हणाली, "बरं." कागद दोनदा वाचून घेतला, छातीशी धरला, आणि तिसऱ्या दिवसापासून कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत खोली घेऊन राहायला गेली. कामाला येते. मजुरी घेते. काम पूर्वीसारखंच चोख.

मी विचारलं, "अजून राग आहे? नावाचा?"

"नावाचं जाऊ द्या, बाई."

मग कशाचं? कागदही दिला, नावही विचारलं, अंजिरंही दिली होती. घर रिकामं वाटतं.

पेरणीचा महिना, २०. प्रभूचा दिवस

तिसऱ्यांदा खाली बसले. वर सगळे, खाली मी आणि हंडा. करायला काही नाही म्हणून ढवळत होते. पाणी तापलं, जाळ ओढला, दांडा बाहेर काढला. दांडा हातात धरला आणि माझं मलाच कळलं. एवढी मी मठ्ठ कशी?

पेरणीचा महिना, २१

सकाळी दोन्ही गड्यांना हाक मारली. झिया आली तशी सगळ्यांसमोर म्हटलं, "द्राक्षमासात मोठा हंडा उकळला होता, तो मी उकळू दिला. चुलीपाशी मीच होते. दोष झियाला दिला आणि वर तिला मारलं. ती खोटा आळ सोसत राहिली आणि मी अंजिरं देऊन मोकळी झाले. झिया, मी खोटं बोलले आणि तुझा हात दुखावला. मला क्षमा कर. आज नाही जमलं तर राहू दे."

गडी जमिनीकडे बघू लागले. एकजण पुटपुटला, "आम्हाला तेव्हाच माहीत होतं."

बघा! सगळ्यांना माहीत होतं. मी सोडून.

झियानं मनगट दुसऱ्या हातात धरलं. म्हणाली, "ओल्या दिवसांत दुखतं अजून." मग दांडा उचलून कामाला लागली. मी तिच्यासाठी मोहरीचं तेल गरम करून ठेवलं. तिनं लावलं की नाही, बघायला थांबले नाही.

पेरणीचा महिना, २७. प्रभूचा दिवस

चुंबनाची वेळ आली तशी मी सवयीनं खाली आले. मोठा हंडा चुलीवर होता. आता इथं बसण्याचंही मला फार वाईट वाटत नाही. वर माझ्या घरात माणसं गातात, खाली माझा रंग तापतो, आणि आई हाक मारेल तेव्हा मला वळता येईल. झियाचं होईल तेव्हा होईल.

आज गाणं मध्येच थांबलं. जिन्यावर पावलं वाजली. वर पाहिलं तर पायरीवर झिया उभी, हातात न मोडलेली भाकर.

"अर्मास्ताताई," ती म्हणाली, "वर या. सगळे थांबलेत."

मी उठले ते तशीच, लाल हातांनी. मधल्या पायरीवर तिनं मला गाठलं आणि माझ्या गालाचं चुंबन घेतलं, आधी एका, मग दुसऱ्या. वर गेल्यावर विबियानं सरकून माझ्यासाठी जागा केली, आणि मेत्रोदोर म्हणाले, "सर्दी गेली वाटतं."

भाकर झाली, गाणी झाली, सगळ्यांनी जैतुनं खाल्ली, गप्पा रंगल्या. कुणाला वेळेचं भान राहिलं नाही. खाली आलो तेव्हा हंडा खळाखळा उकळत होता, आणि आख्खी लोकर शेणासारखी तपकिरी.

झियानं माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले आणि म्हटलं, "मी!"

ती हसली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिचे दात मला दिसले. पुढचा एक तुटका आहे.